प्रत्यागती, आरमारी तोफांची

प्रत्यागती, आरमारी तोफांची : तोफ डागली असता गोळा व दारूचे वायू पुढे फेकले जातात आणि त्याच वेळी तोफेची नळी विरुद्ध दिशेने मागे सरते. नळीच्या या मागे सरण्यास प्रत्यागती म्हणतात. व्यवहारात तिला तोफेचा ‘धक्का’ असे संबोधितात. जमिनीवरील तोफ मागे सरली, तर तिचा धक्का अखेर भूमीत मुरतो. जहाजावरील तोफेला असा अचल आधार नसतो. तिचा आधार म्हणजे पाण्यावर तरंगणारे, हेलकावणारे व पोलादी पत्र्यांच्या सांगाड्याने बनलेले जहाज होय. त्यामुळे प्रत्यागतीचा विचार आरमारी तोफांच्या अभिकल्पात (आराखड्यात) प्रथमपासूनच प्रमुख ठरला आहे. तोफ किती मोठी असावी, किती वेगाने गोळा फेकावा व किती लवकर पुन्हा डागता यावी, या तिन्ही गोष्टींवर प्रत्यागतीने मर्यादा घातली आहे.

मूलतत्त्व : प्रत्यागती हा संवेगाच्या अक्षय्यतेचा परिणाम आहे. वस्तुमान व वेग यांच्या गुणाकारास संवेग म्हणतात. डागण्यापूर्वी नळी, गोळा व दारू हे तिन्ही घटक स्थिर असल्याने त्यांचा एकूण संवेग शून्य असतो. दारू पेटल्यावर तिचे वायू गोळ्याला पुढे व नळीच्या बुडाला मागे सारख्याच बलाने ढकलतात. ही सर्व बले प्रणालीच्या आतील असल्यामुळे एकूण संवेग बदलू शकत नाही. म्हणून गोळा व वायू यांना पुढच्या दिशेने जितका संवेग मिळतो, तितकाच नळीला मागच्या दिशेने मिळतो. न्यूटन यांच्या तिसऱ्या गतिनियमाचेच हे एक रूप होय.

प्रत्यागतीच्या हिशोबात वायूंचा वाटा पुष्कळदा विसरला जातो. गोळा नळीत असताना वायूंचा पुढचा भाग गोळ्याच्या वेगाने, तर मागचा भाग जवळजवळ स्थिर असतो. त्यामुळे वायूंचा सरासरी वेग गोळ्याच्या वेगाच्या सु. निम्मा असतो. परंतु गोळा नळीच्या तोंडातून बाहेर पडताच दाबाखालील वायू मोकळे होतात व अग्निबाणाच्या झोताप्रमाणे गोळ्याहूनही अधिक वेगाने बाहेर पडतात. या काळातही नळी मागे ढकलली जात असते. गोळीशिवाय नुसती दारू उडविली तरी बंदूक धक्का देते, हे अठराव्या शतकातील प्रयोगकर्त्यांच्याही लक्षात आले होते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बांधलेल्या आयोवा वर्गाच्या युद्धनौकांवरील ४०६ मिमी. (१६ इंची) व्यासाच्या तोफेचे उदाहरण घेता येईल. तिचा चिलखतभेदी गोळा सु. १,२२५ किग्रॅ. वजनाचा असून त्याचा मुखवेग (नळीच्या तोंडाशी असणारा वेग) ७६२ मी./से. होता. त्यासाठी सु. ३०० किग्रॅ. दारू लागे. गोळ्याचा संवेग सु. ९.३ लाख किग्रॅ. मी./से. इतका होतो. वायूंचा परिणामी वेग १,२०० मी./से. मानल्यास त्यांचा संवेग सु. ३.६ लाख भरतो. म्हणजे दारूचे वजन फेकलेल्या एकूण वजनाच्या पंचमांशाइतके असले, तरी धक्क्यातील तिचा वाटा चौथ्या भागाहून अधिक असतो. दोन्ही मिळून सु. १२.९ लाख किग्रॅ. मी./से. इतका संवेग नळीला मागच्या दिशेने मिळतो. बुडाच्या झडपेसह या नळीचे वजन सु. १,२१,५०० किग्रॅ. होते. तिला कोणताही अडथळा नसता, तर ती सु. १०.६ मी./से. म्हणजे ताशी सु. ३८ किमी. वेगाने मागे गेली असती. सव्वाशे टनांच्या जवळपास वजनाचा हा लोखंडी ओंडका बुरुजाच्या बंदिस्त जागेत, माणसे व दारू यांच्या सान्निध्यात, सव्वा मीटरहून कमी अंतरात थांबवावा लागे. प्रत्यागतीची समस्या ती हीच.

संवेग व ऊर्जा यांची वाटणी : संवेग गोळा-वायू व नळी यांत समसमान वाटला जातो, ऊर्जा मात्र तशी वाटली जात नाही. संवेग सारखा असता गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. त्यामुळे हलक्या गोळ्याकडे बहुतेक सर्व ऊर्जा जाते व जड नळीकडे थोडीच राहते. वरील उदाहरणात गोळ्याची गतिज ऊर्जा सु. ३५.५ कोटी जूल, तर नळीची सु. ६८ लाख जूल म्हणजे गोळ्याच्या ऊर्जेच्या केवळ दोन टक्के आहे. तोफेची नळी जाड व जड करण्यामागे दाब सहन करणे हा एक हेतू असतो. धक्क्याची ऊर्जा कमी करणे हा दुसरा. नळीचे वजन निम्मे केले, तर तिचा मागे जाण्याचा वेग दुप्पट होईल आणि शोषावयाची ऊर्जाही दुप्पट होईल.

मुखवेग वाढविल्यास काय होते, हेही यावरून स्पष्ट होते. गोळा व नळी तीच ठेवून एकूण संवेग दहा टक्क्यांनी वाढविला, तर धक्क्याची ऊर्जा एकवीस टक्क्यांनी वाढते, कारण ती संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. शिवाय अधिक वेगासाठी दारू गोळ्याच्या वेगाच्या मानाने अधिक प्रमाणात वाढवावी लागते, म्हणून वायूंचा वाटाही वाढतो. पहिल्या महायुद्धकालीन ब्रिटिश ३८१ मिमी. तोफ ८७९ किग्रॅ. वजनाचा गोळा सु. ७५० मी./से. वेगाने फेकीत असे व तिला सु. १९५ किग्रॅ. दारू लागे. इटलीच्या लित्तोरिओ वर्गाच्या युद्धनौकांवरील त्याच व्यासाची तोफ ८८५ किग्रॅ. वजनाचा गोळा सु. ८५० मी./से. वेगाने फेकी, पण त्यासाठी सु. २७० किग्रॅ. दारू खर्ची पडे. गोळ्याचा संवेग सु. १४ टक्क्यांनी व ऊर्जा सु. ३० टक्क्यांनी वाढली. दारू मात्र सु. ४० टक्क्यांनी वाढली. अशा अतिवेगी तोफांचा धक्का अधिक असतोच, शिवाय नळीही लवकर झिजते. म्हणून अनेक आरमारांनी मध्यम मुखवेग व जड गोळा यांना पसंती दिली. आयोवा वर्गाची तोफही याच विचारसरणीची होती.

शिडांच्या जहाजांचा काळ : सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांच्या पूर्वार्धापर्यंत आरमारी तोफ चार लहान लाकडी चाकांच्या गाड्यावर बसविलेली असे. जहाजाच्या कुशीतील खिडकीतून ती डागली, की गाड्यासह मागे धावे व जाड दोरखंडाने अडविली जाई. या दोरखंडाची टोके जहाजाच्या बाजूस पक्की केलेल्या कड्यांत अडकविलेली असत. नेल्सन यांच्या व्हिक्टरी या जहाजाच्या खालच्या तक्तपोशीवर १८०५ मधील ट्रफॅल्गरच्या लढाईत ३२ पौंडी (१४.५ किग्रॅ.) गोळ्यांच्या तोफा होत्या. यांपैकी एकेका नळीचे वजन सु. २,८०० किग्रॅ. होते आणि पूर्ण दारूने डागल्यास ती गाड्यासह सु. ३ मी./से. वेगाने मागे येई.

या काळी प्रत्यागती ही निव्वळ आपत्ती नव्हती. तोफा तोंडाकडून ठासाव्या लागत. मागे धावलेल्या तोफेचे तोंड आपोआप जहाजाच्या आत येई व खलाशांना बाहेर न डोकावता ती ठासता येई. ती पुन्हा खिडकीशी नेण्यासाठी मात्र माणसांना दोर व कप्प्या यांच्या साहाय्याने ओढावे लागे. दोरखंड तुटला, तर मोकळी सुटलेली तोफ हेलकावणाऱ्या जहाजावर इकडून तिकडे धावून शत्रूच्या गोळ्याइतकाच संहार करू शके.

धक्क्याची दिशा हाही महत्त्वाचा विचार होता. जहाजाची लांबी हीच त्याच्या सांगाड्याची सर्वांत भक्कम दिशा असते. भूमध्य समुद्रातील वल्हवी युद्धनौकांची मुख्य तोफ नाळेशी मध्यरेषेवर बसवीत, त्यामुळे तिचा धक्का नौकेच्या लांबीच्या दिशेने पसरे. मराठ्यांच्या आरमारातील गुराबांवरही नाळेकडून पुढे मारा करणाऱ्या तोफा असत. अरुंद व हलक्या बांधणीच्या नौकेवर जड तोफ वापरावयाची, तर ही मांडणी यंत्रशास्त्रीय दृष्ट्या सोयीची ठरते.

स्कॉटलंडमधील कॅरन कंपनीने १७७० नंतरच्या दशकात तयार केलेली कॅरोनेड ही आखूड तोफ चाकांऐवजी घसरपट्टीवर मागे सरके. ती वजनाने फार हलकी असल्यामुळे तिच्यात दारू कमी भरावी लागे. परिणामी तिचा पल्ला थोडा असे. नळीचे वजन, दारू व धक्का ही एकमेकांशी कशी बांधलेली आहेत, याचा तो उत्तम नमुना होता.

शास्त्रीय मापनाचा आरंभ इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तोफशास्त्रावरील ग्रंथापासून मानतात. गोळी टांगलेल्या लाकडी ठोकळ्यावर मारून त्याच्या झोक्यावरून तिचा वेग काढण्याची लंबकाची रीत त्यांनी रूढ केली. पुढे काउंट रम्फर्ड यांनी बंदुकीची नळीच टांगली व तिच्या मागे जाण्यावरून गोळीचा वेग काढला. १७८१ मध्ये त्यांनी हे प्रयोग प्रसिद्ध केले. या रीतीत केवळ दारूमुळे येणारा धक्का वजा करावा लागे. अशा रीतीने प्रत्यागती हेच गोळीच्या वेगाचे मापक ठरले.

यंत्रयुगातील बदल : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तोफांचे वजन काही टनांवरून अनेक दशक टनांपर्यंत वाढले व दोरखंडाची पद्धत निरुपयोगी ठरली. प्रथम घसरपट्टीवर एकमेकांवर दाबलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या घर्षणाने तोफ थांबविण्यात येई. परंतु घर्षण हवामान, वंगण व पट्ट्या आवळणाऱ्याची दक्षता यांवर अवलंबून असल्याने ते बेभरवशाचे होते. त्यानंतर द्रवाच्या रोधाचा उपयोग करणारी सिलिंडरे वापरात आली व जड तोफा आतबाहेर नेण्याचे कामही जलदाबाच्या यंत्रांकडे गेले.

या स्थित्यंतरातील एक दुर्घटना बोधप्रद आहे. ब्रिटिश युद्धनौका थंडरर हिच्या बुरुजात तोंडाकडून ठासावयाच्या ३८ टनी दोन तोफा होत्या व त्या यंत्राने ठासल्या जात. २ जानेवारी १८७९ रोजी मार्मारा समुद्रात सराव चालू असताना दोन्ही तोफा एकदम डागण्यात आल्या. पण त्यांपैकी एक उडालीच नाही. शेजारच्या तोफेच्या दणक्यात ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. ठासण्याचे काम यंत्र करीत असल्याने तीच तोफ पुन्हा ठासली गेली. पुढच्या वेळी दोन बारांसह ती फुटली व ११ जण मृत्युमुखी पडले. चौकशीअंती दुहेरी ठासणी हेच कारण ठरविण्यात आले. जुन्या तोफेचा धक्का ती उडाल्याची खूण गोलंदाजांना स्वतः देत असे. यंत्राने ती खूण झाकली. या अपघातानंतर मागून भरावयाच्या तोफांकडे ब्रिटिश आरमाराचा कल दृढ झाला.

१८८० नंतरच्या दशकात शीघ्रमाऱ्याच्या तोफांसाठी नवी बैठक प्रचारात आली. तीत नळी एका पाळण्यात (नळीभोवतीच्या कवचात) स्वतःच्या अक्षाच्या दिशेने मागे सरके व स्प्रिंगांच्या जोराने पूर्वस्थितीत येई. पाळणा व बैठक जागच्या जागीच राहत. त्यामुळे नेम धरण्याची दुर्बीण न हलणाऱ्या भागावर बसविता आली व गोलंदाजाला डागतानाही डोळा लक्ष्यावर ठेवता येऊ लागला. या सोयीचा पुरेपूर उपयोग ब्रिटिश आरमारातील पर्सी स्कॉट यांनी केला. त्यांच्या सिला या क्रूझर नौकेने १८९९ मधील नेमबाजीत ७० पैकी ५६ गोळे लक्ष्यावर मारले. हा पल्ला गाठण्यात सरावाइतकाच वाटा प्रत्यागतीवरील नियंत्रणाचा होता. भूमीवरील तोफखान्यात हेच तत्त्व १८९७ च्या फ्रेंच ७५ मिमी. तोफेने पूर्णत्वास नेले.

रोधक यंत्रणा : डागताना नळीच्या बुडावर येणारे महत्तम बल प्रचंड असते. वर उल्लेखिलेल्या ४०६ मिमी. तोफेत वायूंचा महत्तम दाब दर चौ. सेंमी.ला सु. २,९०० किग्रॅ. असे व नळीच्या छेदाचे क्षेत्रफळ सु. १,३०० चौ. सेंमी. होते. म्हणजे बुडावर क्षणभर सु. ३,७०० टन वजनाइतके बल येई. नळी बैठकीला घट्ट जखडली असती, तर हे सर्व बल बैठकीवर व जहाजाच्या सांगाड्यावर पडले असते. नळीला सु. १.२ मी. मागे सरकू दिल्यामुळे चित्र पालटते. सु. ६८ लाख जूल ऊर्जा या अंतरात शोषावयाची असल्याने सरासरी रोधक बल सु. ५८० टन वजनाइतके पुरते. म्हणजे बैठकीवरील भार सहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी होतो.

येथे एक गैरसमज टाळणे इष्ट आहे. रोधक यंत्रणा संवेग नाहीसा करीत नाही. तसे करणे अशक्यच आहे. जखडलेल्या तोफेतून व मागे सरणाऱ्या तोफेतून जहाजाला अखेर सारखाच संवेग मिळतो. फरक पडतो तो कालावधीत. गोळा नळीत असण्याचा काळ सेकंदाच्या तीन-चार शतांशांइतकाच असतो. नळी थांबण्यास मात्र सेकंदाचे काही दशांश लागतात. काळ लांबला, की त्याच प्रमाणात बल घटते. उंचावरून येणारा चेंडू झेलताना हात मागे नेण्यामागे हेच तत्त्व असते.

रोधकाचा मुख्य भाग म्हणजे द्रवाने भरलेले सिलिंडर व त्यातील दट्ट्या हा होय. सिलिंडर पाळण्याला व दट्ट्याची दांडी नळीला जोडतात (किंवा याउलट रचना करतात). नळी मागे जाऊ लागली, की दट्ट्यामागील द्रव लहान छिद्रांतून पलीकडे जाऊ लागतो. छिद्रातून द्रव रेटण्यास लागणारा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. छिद्रांचे आकारमान कायम ठेवले, तर आरंभी वेग जास्त असल्याने रोध अतोनात होईल आणि शेवटी तो नगण्य राहील. म्हणून निमुळत्या दांड्या किंवा उथळ होत जाणाऱ्या खाचा वापरून नळीचा वेग घटेल तसतसा द्रवाचा मार्ग अरुंद करतात. अशा रीतीने संपूर्ण अंतरात रोधक बल जवळपास सारखे राहते. द्रव म्हणून ग्लिसरीन व पाणी यांचे मिश्रण वापरीत. ते थंडीत सहजासहजी गोठत नाही.

शोषलेली ऊर्जा बहुतांशी उष्णतेच्या रूपाने द्रवात उतरते. ६८ लाख जूल ऊर्जेने सु. २० लि. पाणी २०° से. पासून उत्कलनबिंदूपर्यंत तापू शकेल. सतत मारा चालू असल्यास द्रव तापून प्रसरण पावतो व त्याची श्यानता (दाटपणा) घटते. यासाठी प्रसरणास जागा ठेवावी लागते. द्रवाची पातळी कमी असल्यास नळी ठरलेल्या अंतरापलीकडे जाऊन आदळण्याचा धोका असतो. म्हणून डागण्यापूर्वी रोधक पूर्ण भरलेला आहे की नाही हे तपासणे, हे तोफेवरील पथकाचे एक आवश्यक कर्तव्य मानले जाई.

मागे गेलेली नळी पुन्हा पुढे आणण्यासाठी पूर्वस्थापक यंत्रणा असते. लहान तोफांत ती स्प्रिंगांची व मोठ्या तोफांत दाबाखालील हवेच्या सिलिंडरांची असते. नळी मागे येताना हवा अधिक दाबली जाते व नंतर तीच नळीला पुढे ढकलते. नळी वर उचललेली असताना तिला उतारावरून वर चढवावी लागत असल्याने या यंत्रणेत पुरेसा जोर राखून ठेवावा लागतो. पुढे येणारी नळीही धक्क्याने थांबू नये म्हणून अखेरच्या टप्प्यात दुसरा लहान द्रवरोधक काम करतो.

प्रत्यागतीचे अंतर वाढवीत नेले तर बल आणखी घटेल, हे खरे. परंतु नळी ४५° पर्यंत वर उचलली असता तिचे बूड खाली जाते व धक्क्याने आणखी खाली सरते. त्यासाठी बुरुजात खोल खड्डा ठेवावा लागतो. खड्डा खोल केला की बुरूज व त्याभोवतीचे चिलखत वाढते व पर्यायाने जहाजाचे वजनही वाढते. सु. १.२ मी. हे अंतर अशा परस्परविरोधी गरजांमधील तडजोड होती.

जहाजावरील परिणाम : बुरूज ज्या कड्यावर फिरतो, त्या कड्यामार्फत धक्का जहाजाच्या सांगाड्यात उतरतो. म्हणून त्याखालचा भाग उभ्या व आडव्या पोलादी भिंतींनी विशेष मजबूत करतात. नळी आडवी असता धक्का जहाजाला बाजूस ढकलतो व कलंडवितो. नळी वर उचलली की त्याचा काही भाग तक्तपोशीला खाली दाबतो. बुरुजातील एकच तोफ डागली असता धक्का बुरुजाच्या मध्यापासून दूर पडत असल्याने बुरूज फिरविणारी यंत्रणाही पीळ सहन करण्याइतकी भक्कम असावी लागते.

मोठ्या युद्धनौकेने एका बाजूला सर्व तोफा एकदम डागल्या, की ती बाजूला फेकली जाते, अशी समजूत प्रचलित आहे. आयोवा वर्गाच्या नौकांच्या छायाचित्रांत नौकेच्या बाजूचे पाणी पांढरे व घुसळलेले दिसते, ते या समजुतीचे मूळ होय. हिशोब मात्र वेगळेच सांगतो. नऊ तोफांचा एकूण संवेग सु. १.१६ कोटी किग्रॅ. मी./से. होतो. पूर्ण भरलेल्या नौकेचे वस्तुमान सु. ५.८ कोटी किग्रॅ. होते. म्हणजे पाणी नसते, तरी तिला जास्तीत जास्त सु. २० सेंमी./से. इतकाच आडवा वेग मिळाला असता. प्रत्यक्षात आडवी सरकताना नौकेला स्वतःच्या वस्तुमानाशी तुलनीय इतके पाणीही हलवावे लागते, म्हणून हा वेग १० सेंमी./से. च्या आसपास येतो. माणसाच्या चालण्याच्या वेगाच्या तो दहाव्या भागाहूनही कमी आहे आणि समुद्राच्या नेहमीच्या हेलकाव्यांत तो जाणवणेही कठीण आहे. छायाचित्रांतील पांढरे पाणी नौकेच्या सरकण्याने नव्हे, तर नळ्यांच्या तोंडातून सुटलेल्या वायूंच्या आघाताने घुसळलेले असते.

हा आघात व त्याबरोबर सांगाड्यातून पसरणारे हादरे हे जहाजाच्या मंद सरकण्यापेक्षा कितीतरी अधिक उपद्रवी असतात. २३ मे १९४१ रोजी जर्मन युद्धनौका बिस्मार्क हिने ब्रिटिश क्रूझर नौकेवर मारा केला, तेव्हा स्वतःच्याच तोफांच्या हादऱ्याने तिचे पुढील रडार निकामी झाले. चारच दिवसांनी बिस्मार्कवर मारा करणाऱ्या रॉडनी या ब्रिटिश नौकेच्या अंतर्भागाची व तक्तपोशीची तिच्याच तोफांनी हानी केली. जपानच्या यामातो या नौकेवरील ४६० मिमी. तोफांचा आघात इतका तीव्र होता, की उघड्यावरील विमानविरोधी तोफांच्या पथकांसाठी बंदिस्त आवरणे करावी लागली.

नेमबाजीवरील परिणाम : गोळा बाहेर पडल्यानंतरच तोफ मागे सरते, अशी एक चुकीची कल्पना आढळते. गोळा हलू लागताच नळीही हलू लागते. ४०६ मिमी. तोफेत गोळा नळीतील सु. १७ मी. अंतर कापीपर्यंत नळी सु. १९ सेंमी. मागे आलेली असते. हे सरकणे अक्षाच्या दिशेनेच झाले, तर नेमावर फारसा परिणाम होत नाही. परंतु नळीचा गुरुत्वमध्य अक्षावर नसेल किंवा रोधकाचे बल बाजूला पडत असेल, तर नळीचे तोंड किंचित उडते व गोळा भरकटतो. वीस किमी. अंतरावर कोनातील सूक्ष्म फरकही अनेक मीटरांची चूक घडवितो. एकाच बुरुजातील शेजारच्या तोफा नेमक्या एकाच क्षणी डागल्यास त्यांचे वायू एकमेकींच्या गोळ्यांना ढवळतात. यासाठी काही आरमारांनी शेजारच्या तोफांच्या डागण्यात सेकंदाच्या अल्पांशाचे अंतर ठेवणारी विद्युत् योजना केली.

धक्का घटविण्याचे अन्य उपाय : नळीच्या तोंडाशी छिद्रे किंवा पडदे ठेवून बाहेर पडणारे वायू बाजूला व मागे वळविल्यास त्यांचा पुढच्या दिशेचा संवेग घटतो व तेवढा धक्का कमी होतो. यास मुखरोधक म्हणतात. वळविलेले वायू तक्तपोशीवर व शेजारच्या तोफांवर आदळत असल्याने मोठ्या युद्धनौकांच्या तोफांवर तो वापरीत नसत. लहान तोफांवर मात्र आढळतो. धक्का पूर्णपणे टाळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे तितकाच संवेग मागेही फेकणे. अमेरिकी नौदल अधिकारी क्लीलंड डेव्हिस यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तयार केलेली तोफ पुढे गोळा व मागे शिशाच्या छऱ्यांचा समतोल भार फेकीत असे. ती काही विमानांवर बसविण्यात आली. बंदिस्त बुरुजात असा मागचा मारा अर्थातच अशक्य आहे.

आधुनिक तोफा : अमेरिकेच्या मिसूरी व विस्कॉन्सिन या युद्धनौकांनी १९९१ च्या आखाती युद्धात आपल्या ४०६ मिमी. तोफा डागल्या. १९९२ मध्ये मिसूरी सेवेतून निवृत्त झाल्यावर अशा महाकाय तोफांचे युग संपले. आज नौदलांत प्रामुख्याने ७६ ते १३० मिमी. व्यासाच्या स्वयंचलित तोफा वापरतात. त्यांचा प्रत्येक धक्का लहान असला, तरी त्यांची वारंवारता ही नवी अडचण आहे. इटालियन अभिकल्पाची ७६ मिमी. अतिशीघ्र तोफ सु. ६.३ किग्रॅ. वजनाचे गोळे ९०० मी./से. हून अधिक वेगाने मिनिटास १२० पर्यंत फेकू शकते. दर अर्ध्या सेकंदात नळीने मागे जावे, पुढे यावे व नवा गोळा भरला जावा लागतो. केवळ गोळ्यांचाच संवेग धरला, तरी बैठकीवर सरासरीने एक टनाहून अधिक वजनाइतका अखंड दाब राहतो. ही तोफ भारतात हरद्वार येथील भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यात तयार होते. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या कोलकाता व विशाखापटणम् वर्गांच्या विनाशिकांवर ती बसविलेली आहे.

दारूऐवजी विद्युत् चुंबकीय बलाने गोळा फेकणाऱ्या रूळतोफेचे प्रयोग अमेरिकेच्या नौदलाने केले. डिसेंबर २०१० मधील चाचणीत ३.३ कोटी जूल ऊर्जेचा मारा करण्यात आला. २०२१ मध्ये हा कार्यक्रम थांबविण्यात आला. अशा तोफेत दारूचे वायू नसल्याने धक्क्यातील त्यांचा वाटा नाहीसा होतो. गोळ्याच्या संवेगाइतका धक्का मात्र तिच्या रुळांना व बैठकीलाही सोसावाच लागतो. प्रचालनाची रीत बदलली, तरी संवेगाचा हिशोब बदलत नाही. दोरखंडापासून द्रवरोधकापर्यंतच्या सर्व यंत्रणांनी केले ते इतकेच, की हा अटळ धक्का जहाज व त्यावरील माणसे सहन करू शकतील इतक्या काळात व अंतरात पसरविला.